जनुकांच्या आज्ञापालनाचे मोजमाप

१९४० साली पॅरिस शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. त्या पडत्या काळात सोर्बोन विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत झाक मोनो नावाचा तिशीतला संशोधक काचेच्या चंबूंत सूक्ष्मजंतू वाढवीत होता. प्रयोग दिसावयास अगदी साधा. जंतूंना पाण्यातून दोन प्रकारच्या साखरा एकदम द्यावयाच्या आणि ठराविक वेळाने ते पाणी किती गढूळ झाले आहे हे पाहावयाचे. गढूळपणा वाढला की जंतू वाढले, एवढाच त्याचा अर्थ. काही साखरांच्या जोडीत जंतूंची वाढ एकसारखी होई. काही जोड्यांत मात्र एक विचित्र प्रकार दिसे. वाढीचा आलेख चढत जाई, मध्येच आडवा पडे, आणि काही वेळ तसाच राहून पुन्हा चढू लागे. पंगतीत बसलेल्या माणसाने पानातला एक पदार्थ संपवावा, हात आखडून स्वस्थ बसावे, आणि मग दुसऱ्याकडे वळावे, तसा हा प्रकार होता. मोनोने हा आलेख आंद्रे ल्वॉफ या ज्येष्ठ संशोधकाला दाखविला, तेव्हा पेशी नवे विकर, म्हणजे एंझाइम, तयार करण्यासाठी थांबत असावी, असे त्याने सुचविले. या सूचनेचा पाठपुरावा करण्यात मोनोची पुढली वीस वर्षे गेली.

त्या वीस वर्षांत जे हाती आले ते आज शालेय पुस्तकांतही सापडते. माणसाच्या आतड्यात राहणारा एश्चेरिकिया कोलाय हा जंतू दोन मायक्रॉन लांबीचा, म्हणजे असे पाचशे जंतू एकापुढे एक ठेवले तर एक मिलिमीटर भरावा. त्याच्याजवळ दुधातील साखर फोडणारे एक विकर तयार करण्याची कृती असते. ही कृती ज्यात लिहिलेली असते त्यास जनुक म्हणतात. परंतु कृती जवळ आहे म्हणून जंतू ते विकर सदैव तयार करीत बसत नाही. समोर ग्लुकोज असेल तर तो आधी तेच खातो. ते संपले आणि दुग्धशर्करा उरली, म्हणजे तो थोडा थांबतो, विकर तयार करतो आणि मग दुसऱ्या साखरेला हात घालतो. मोनोच्या आलेखातील ते आडवे पडणे म्हणजे हीच तयारी.

ही तयारी कोणाच्या हुकुमाने होते? मोनोचा सहकारी फ्रान्स्वा झाकोब हा शल्यचिकित्सक व्हावयास निघालेला तरुण होता. १९४४ साली नॉर्मंडीत झालेल्या जखमांनी त्याचा तो मार्ग बंद झाला आणि तो जीवशास्त्राकडे वळला. १९५८ च्या उन्हाळ्यात पॅरिसमधील एका चित्रपटगृहात बसला असताना या प्रश्नाचे उत्तर आपल्याला सुचले, असे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. ते उत्तर असे की, जनुकाच्या तोंडाशी एक प्रथिन चिकटून बसलेले असते आणि ते जनुकाला काम करू देत नाही. या प्रथिनास निरोधक म्हणावयाचे. पेशीत दुग्धशर्करा आली की तिच्यापासून होणारा एक पदार्थ या निरोधकाला पकडतो, निरोधकाची पकड सुटते आणि जनुक कामाला लागते. पाटाच्या तोंडाशी बसलेला पाटकरी आपली जागा सोडून निघून जावा आणि दार आपोआप वर उचलले जाऊन पाणी वाहू लागावे, तशी ही व्यवस्था आहे. झाकोब आणि मोनो यांचा यासंबंधीचा विस्तृत निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. १९६५ साली त्या दोघांना ल्वॉफसह नोबेल पारितोषिक मिळाले.

इतके झाले तरी ही सारी कथा 'होय' आणि 'नाही' यांच्या भाषेतली होती. दार उघडे किंवा दार बंद. पाटबंधारे खात्यातील माणूस एवढ्यावर समाधान मानणार नाही. दार किती उचलले असता किती पाणी सुटते, याचा तक्ता त्याला हवा असतो, कारण खालच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचणार की नाही हे त्या तक्त्यावर अवलंबून असते. जनुकांच्या बाबतीतही तसेच आहे. या एवढ्याशा जंतूत सुमारे चार हजार तीनशे जनुके आहेत आणि त्यांपैकी तीनशेच्या आसपास जनुकांचे काम इतर जनुकांना हुकूम देणे, हेच आहे. एका नियामकाच्या हुकुमाखाली दुसरा नियामक, दुसऱ्याच्या हुकुमाखाली तिसरा, आणि तिसऱ्याचा हात पुन्हा पहिल्यावर, असे हे जाळे विणलेले असते. त्यातील कोणत्या दोऱ्याचे टोक कोठे बांधले आहे हे कळले म्हणजे नकाशा मिळाला. जाळे प्रत्यक्षात कसे वागेल हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक दोऱ्याविषयी एक प्रश्न विचारावा लागतो: नियामकाचे प्रमाण इतके असताना जनुक आपले प्रथिन किती वेगाने तयार करते? या दोहोंमधील संबंधाला जनुकाचे नियमन-फलन असे नाव आहे. नाव जड आहे, पण वस्तू म्हणजे पाटकऱ्याच्या खिशातला तो तक्ताच होय.

हा तक्ता तयार करण्याची पहिली पद्धत रंगाची होती. एक रंगहीन रसायन असे आहे की दुग्धशर्करा फोडणारे विकर त्यालाही फोडते, आणि ते फुटले की पिवळे होते. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५० साली ते वापरात आणले. जंतू फोडावयाचे, त्यांचा रस या रसायनात मिसळावयाचा आणि पिवळेपणा किती वेगाने चढतो हे प्रकाशमापकाने पाहावयाचे. चढण्याच्या वेगावरून विकर किती होते ते कळते. ही पद्धत इतकी सोपी आणि खात्रीची ठरली की जगातील शेकडो प्रयोगशाळांतून ती अजूनही रोज वापरली जाते. तिने दाखविले की, निरोधक जागेवर असताना आणि तो हटल्यानंतर विकराच्या प्रमाणात सुमारे हजारपटीचा फरक पडतो. प्रश्न सुटला असे वाटण्याजोगाच हा आकडा होता.

परंतु त्या चंबूत एक जंतू नव्हता, अब्जावधी होते. पिवळा रंग होता तो त्या सगळ्यांचा मिळून.

जमीनमहसुलाच्या कारभारात पूर्वी जिला आणेवारी म्हणत आणि आता पैसेवारी म्हणतात, तिच्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यातील अडचण चटकन ध्यानात येईल. एखाद्या गावाची पैसेवारी पन्नास पैसे निघाली. याचा अर्थ प्रत्येक शेतात निम्मे पीक आले, असा होऊ शकतो. पाटाखालच्या निम्म्या शेतांत भरघोस पीक आले आणि माळावरच्या निम्म्या शेतांत काडीही उगवली नाही, असाही होऊ शकतो. कागदावर दोन्ही गावे सारखीच दिसतील. पहिल्या गावातील प्रत्येक घर काटकसरीने वर्ष काढील, आणि दुसऱ्या गावातील निम्मी घरे दाराला कडी लावून बाहेर पडतील. सरासरी खोटे सांगत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता ती भलत्याच प्रश्नाचे देते, एवढेच.

एरन नोव्हिक आणि मिल्टन वीनर या शिकागोच्या दोघा संशोधकांना हा संशय आला आणि १९५७ साली त्यांनी तो तपासून पाहिला. नोव्हिक हा मूळचा रसायनज्ञ; महायुद्धात अणुबाँबच्या योजनेवर काम करून नंतर तो जंतूंकडे वळला होता. जंतूंना उद्दीपक पदार्थ थोडासाच दिला, म्हणजे चंबूतील विकराची सरासरी हळूहळू वाढत जाई. प्रत्येक जंतू हळूहळू जागा होत आहे, की एकेक जंतू एकदम जागा होत आहे? त्या काळी एका जंतूतील विकर मोजण्याचे साधन नव्हते. त्या दोघांनी काढलेली युक्ती खरोखर नामी आहे. उद्दीपकाचे एक प्रमाण असे असते की, ज्या जंतूचे जनुक चालू आहे त्याचे ते चालू राहते आणि ज्याचे बंद आहे त्याचे बंद राहते. मुलेबाळे, नातवंडे, पणतवंडे सारी आपल्या पूर्वजाचीच स्थिती चालवितात. नोव्हिक आणि वीनर यांनी जंतूंचे पाणी इतके पातळ केले की प्रत्येक नळीत फार तर एकच जंतू पडावा, आणि त्या प्रमाणाच्या उद्दीपकात तो वाढू दिला. प्रत्येक नळीतील लक्षावधी जंतू हे एकाच जंतूचे वंशज असल्याने, नळीतील विकर मोजले की मूळ जंतूची स्थिती कळणार. नळ्या तपासल्या तेव्हा काहींत विकर पूर्ण भरलेले होते, काहींत जवळजवळ नव्हतेच. अधलीमधली नळी नव्हती. गाव दुसऱ्या प्रकारचे निघाले.

याचे कारणही त्यांना सांगता आले. उद्दीपकाला पेशीत ओढून घेणारे एक प्रथिन असते आणि तेही त्याच जनुकसमूहातून तयार होते. योगायोगाने एखाद्या पेशीत त्याचे थोडे रेणू तयार झाले की अधिक उद्दीपक आत येतो, त्यामुळे आणखी रेणू होतात, त्यांच्यामुळे आणखी उद्दीपक येतो, आणि पाहता पाहता पेशी पूर्ण जागी होते. सुरुवात कोणत्या पेशीत व्हावी हे केवळ दैवाधीन. 'दैव' हा शब्द विज्ञानाच्या व्याख्यानात खटकेल, परंतु १९६६ साली हार्वर्ड येथे वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी तो निरोधक प्रथमच वेगळा काढला तेव्हा एका जनुकामागे त्याचे रेणू भरले अवघे दहाच्या आसपास. जेथे हुकूम बजावणारे शिपाईच दहा, तेथे एखाद्या क्षणी सारेच जागेवरून हललेले असणे मुळीच अशक्य नाही.

म्हणजे मोजावयाचे ते एका पेशीत, आणि तेही तिला न मारता, कारण मेलेल्या पेशीचा पुढचा क्षण पाहता येत नाही. हे साधन पुरविले एका जेलीफिशने. ओसामू शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जेलीफिशमधून हिरवे चमकणारे एक प्रथिन वेगळे केले, त्याचे वृत्त १९६२ साली आले. बत्तीस वर्षांनी, १९९४ साली, मार्टिन चॅल्फी यांनी त्याचे जनुक जंतूत आणि कृमीत घातले आणि तीही हिरवी चमकू लागली. रॉजर चिएन यांनी त्याला निळे, पिवळे असे निरनिराळे रंग दिले. या तिघांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नीलवर्णी प्रकाश टाकावा आणि पेशीने हिरव्या तेजाने उत्तर द्यावे. जितके प्रथिन अधिक तितके तेज अधिक. पेशी फोडावी लागत नाही. ती वाढत असते, विभागत असते, आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा दर काही मिनिटांनी तिचे छायाचित्र घेत असतो.

या साधनाने नियमन-फलन एका पेशीत मोजण्याचे काम निट्झन रोझेनफेल्ड, जोनाथन यंग, उरी अॅलन, पीटर स्वेन आणि मायकेल एलोविट्झ यांनी केले आणि ते २००५ च्या मार्च महिन्यात प्रसिद्ध झाले. त्यांनी निवडलेला नियामक लॅम्डा या जंतुभक्षक विषाणूचा होता. हा विषाणू जंतूत शिरून अनेक पिढ्या मुकाट्याने राहू शकतो. त्याचे एक निरोधक प्रथिन त्याच्या इतर जनुकांना दाबून ठेवते. ते कमी पडले की विषाणू जागा होतो आणि जंतूला फोडून बाहेर पडतो. प्रयोगात विषाणू नव्हता. त्याच्या या नियामकाचे जनुक आणि ज्यावर तो हुकूम चालवितो तो डीएनएचा तुकडा, एवढेच घेतले होते. नियामकाला पिवळे तेज देणारे प्रथिन जोडले. ज्या जनुकावर हुकूम चालावयाचा त्याने निळसर तेजाचे प्रथिन तयार करावे, अशी योजना केली. हुकूम पिवळा, पालन निळे. दोन्ही एकाच पेशीत एकाच वेळी डोळ्यांना दिसणारी.

आता नियामकाचे प्रमाण बदलावयाचे कसे? येथे त्यांनी काहीच केले नाही, आणि हेच त्यांचे चातुर्य. आरंभी पेशीत नियामक भरपूर तयार होऊ दिला आणि मग त्याचे उत्पादन बंद केले. जुना नियामक नष्ट होत नाही, पण पेशी वाढते आणि दोन होते. एकीतला ऐवज दोघींत वाटला जातो, दोघींतला चौघींत, चौघींतला आठींत. वडिलोपार्जित जमिनीचे वाटणीपत्र होत जावे तसे प्रत्येक पिढीला नियामकाचे प्रमाण निम्मे होत गेले. काही तासांत एका पेशीपासून झालेल्या त्या लहानशा वसाहतीने नियामकाच्या विपुलतेपासून दुर्भिक्षापर्यंतचा सारा प्रवास केला, आणि वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी निळे प्रथिन किती वेगाने तयार होते याची नोंद छायाचित्रांत होत गेली.

तरीही एक अडचण उरली. तेज मोजता आले, पण तेज म्हणजे रेणू नव्हेत. कॅमेऱ्यातील पाच हजार मापे म्हणजे पाचशे रेणू की पन्नास हजार? हे कळल्याखेरीज दोन प्रयोगशाळांचे तक्ते एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. यावर त्यांनी योजिलेला उपाय या साऱ्या संशोधनातील सर्वांत सुंदर भाग आहे, आणि तो सांगावयास बीजगणिताची पहिली पायरी पुरे होते.

पेशी विभागते तेव्हा प्रत्येक रेणू या बहिणीकडे जाईल की त्या बहिणीकडे, हे नाणे उडविल्यासारखे ठरते. नाणे शंभर वेळा उडविले तर छापा आणि काटा बरोबर पन्नास-पन्नास क्वचितच पडतात. दोहोंत दहाच्या आसपास फरक राहतो. दहा हजार वेळा उडविले तर शंभराच्या आसपास. फरक नेहमी एकूण संख्येच्या वर्गमुळाएवढा. म्हणजे रेणू थोडे असतील तर दोघी बहिणींची वाटणी ठळकपणे असमान होईल, पुष्कळ असतील तर ती जवळजवळ समान दिसेल. वाटणीतील अन्यायावरूनच इस्टेटीतील नगांची संख्या ओळखावयाची, असा हा प्रकार आहे. समजा, आईचे तेज पाच हजार मापे होते आणि पुष्कळ विभाजने पाहता दोघी मुलींच्या तेजातील फरकाच्या वर्गाची सरासरी पंचवीस हजार भरली. पंचवीस हजारांना पाच हजारांनी भागावे. भागाकार येतो पाच. तेच एका रेणूचे तेज. आईजवळ एक हजार रेणू होते. एकही रेणू डोळ्यांनी न पाहता त्यांची मोजदाद झाली. इतर प्रयोगांत जी चूक म्हणून टाकून दिली जाते, तीच येथे मोजपट्टी झाली.

यातून जो तक्ता मिळाला त्याचा आलेख तिरप्या इंग्रजी 'एस' अक्षरासारखा निघाला. नियामक भरपूर असेपर्यंत जनुक गप्प. मग एका मर्यादित पट्ट्यात ते झपाट्याने जागे होते. पुढे नियामक आणखी घटला तरी वेग वाढत नाही. असल्या आलेखाची चढण मोजण्याची रीत आर्चिबाल्ड हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१० साली, रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला कसे धरते या अभ्यासात घालून दिली होती. त्या मापाने येथे आकडा आला सुमारे २.४. त्याचा अर्थ असा. नियामकाचे रेणू एकेकटे आपापले काम करीत असते तर हा आकडा एक आला असता, आणि जनुकाला नव्वद टक्के दबलेल्या स्थितीतून नव्वद टक्के मोकळ्या स्थितीत आणावयास नियामक एक्याऐंशी पटींनी कमी करावा लागला असता. दर पिढीस निम्मा या हिशेबाने त्याला सहा पिढ्यांहून अधिक काळ लागता. २.४ च्या चढणीवर हेच काम सुमारे सहा पटींत, अडीच-पावणेतीन पिढ्यांत उरकते. नियामकाचे रेणू जोडीने येतात, शेजारच्या जोडीला धरून बसतात, म्हणून सुटतानाही ते जवळजवळ एकदम सुटतात. डीएनएमधील एकच अक्षर बदलून या शेजारधर्मात बिघाड केला तेव्हा चढण सौम्य झाली.

असा तक्ता हाती आल्यावर काम संपावयास हवे होते. पण सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी तक्त्याप्रमाणे वागत नव्हत्या. दोन पेशींत नियामकाचे प्रमाण तंतोतंत सारखे असूनही एक वेगाने प्रथिन तयार करी, दुसरी रेंगाळे. आकाशवाणीच्या श्रोत्यांना खरखर म्हणजे काय ते सांगावयास नको. दूरच्या केंद्राचे भाषण ऐकताना आवाजावर जी खरखर स्वार होते तशीच ही जनुकांची खरखर होती. ती कोठून येते हे ओळखण्याची रीत एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी आधीच, २००२ साली, दाखविली होती. एकाच पेशीत दोन सारखी जनुके घालावयाची, एकाला एक रंग, दुसऱ्याला दुसरा. एकाच शेतकऱ्याचे दोन सारखे वाफे असावेत तसे. दोन्ही वाफे एकदम सुकले तर दोष मालकाच्या परिस्थितीचा: खत मिळाले नाही, विहीर आटली, तो आजारी पडला. एकच सुकला आणि दुसरा हिरवा राहिला तर तो त्या वाफ्याचा स्वतःचा योगायोग. पेशीतही या दोन्ही जातींची खरखर असते.

२००५ च्या मोजमापाने त्यांत काळाचा हिशेब घातला. जनुकाची स्वतःची खरखर चटकन विरते. पेशीच्या एकूण परिस्थितीची खरखर मात्र जवळजवळ एक पूर्ण पिढी टिकते. हा फरक किरकोळ नाही. क्षणोक्षणी बदलणारी चूक थोडे थांबले की आपोआप फिटते. आयुष्यभर टिकणारी चूक फिटत नाही, ती पुढल्या जनुकाला आणि त्याच्या पुढल्या जनुकाला हुकूम म्हणून पोहोचते. म्हणून जनुकाचे नियमन-फलन ही एक रेघ नव्हे, तर एक रुंद पट्टा आहे आणि प्रत्येक पेशी त्या पट्ट्यात आपल्या परीने भटकत असते, असे म्हणावे लागले. एका जनुकावर दोन नियामकांची सत्ता असेल तर ही रेघही राहत नाही, डोंगराळ मुलखाच्या नकाशासारखा पृष्ठभाग होतो. अॅलन यांच्या प्रयोगशाळेने २००३ साली दुग्धशर्करेच्या जनुकाचा तसा नकाशा काढला, तेव्हा त्यात चार निरनिराळ्या उंचीची पठारे दिसली. 'हे आणि ते' किंवा 'हे अथवा ते' अशा तर्कशास्त्राच्या चौकटीत ते जनुक नीट बसत नव्हते.

जंतूंविषयीच्या या बारकाव्यांचा माणसाला काय उपयोग, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा त्याला घाईने उत्तर दिले जाते. येथे घाई करण्याची गरज नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भारतात गडचिरोली, नंदुरबारपासून मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरातपर्यंतच्या आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. निलगिरीत तो १९५२ साली प्रथम नोंदला गेला, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या आजारात हिमोग्लोबिनचे रेणू प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून त्यांच्या काड्या होतात, रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक वाहिन्यांत अडकते, आणि रोग्याला असह्य वेदना होतात.

परंतु हा आजार घेऊन जन्मलेले मूल पहिले काही महिने बरे असते. जॅनेट वॉटसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली याचे कारण सुचविले: गर्भावस्थेत तयार होणारे वेगळ्या जातीचे हिमोग्लोबिन त्याच्या रक्तात अजून शिल्लक असते आणि ते काड्या होऊ देत नाही. जन्मानंतर या गर्भ-हिमोग्लोबिनचे जनुक दाबले जाते. ते दाबणारा प्रमुख नियामक 'बीसीएल-अकरा-ए' हा आहे, हे २००८ साली सिद्ध झाले. म्हणजे येथेही तोच पाटकरी, तेच दार. हा नियामक कमी केला तर बंद झालेले दार पुन्हा उघडते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला एक उपचार नेमके हेच करतो. रोग्याच्या मज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून त्यांच्या डीएनएत असा बदल केला जातो की रक्तपेशी घडताना त्यांच्यात हा नियामक पुरेसा तयारच होऊ नये. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत बावीस लाख डॉलर होती. गडचिरोलीच्या रोग्याच्या दृष्टीने ती किंमत नसून नकारच आहे. हायड्रॉक्सियुरिया हे जुने आणि स्वस्त औषधही पुष्कळ रोग्यांत गर्भ-हिमोग्लोबिन वाढविते. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या एका प्रकारात तर ते मुळातच काहीसे अधिक असते.

आणि येथे ते पन्नास पैशांचे गाव पुन्हा समोर येते. एका रोग्याच्या रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन वीस टक्के भरले. ते प्रत्येक तांबड्या पेशीत वीस टक्के असेल तर जवळजवळ प्रत्येक पेशी वाकडी होण्यापासून बचावण्याचा संभव आहे. तेच काही थोड्या पेशींत गच्च भरलेले आणि उरलेल्यांत नाममात्र असेल, तर उरलेल्या सगळ्या पेशी वाकड्या होतील आणि वाहिन्या तुंबवतील. वीस टक्के दोघांतही. म्हणूनच सारखाच आकडा असलेल्या दोन रोग्यांपैकी एक शाळेत जातो आणि दुसऱ्याला वारंवार दवाखान्यात न्यावे लागते, असे घडू शकते. त्याला इतरही कारणे असतात, परंतु हे एक मोठे आहे, असे या क्षेत्रातील जाणत्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. नियामक किती घटला असता जनुक किती उघडते, आणि ते किती पेशींत सारखेच उघडते, या दोन्ही गोष्टी कळल्याशिवाय औषधाची मात्रा किती परिणामकारक ठरेल हे सांगता येत नाही.

तांबड्या पेशी बारीक धारेतून एकामागून एक सोडून प्रत्येकीवर लेसरचा झोत टाकणारी यंत्रे आता मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आहेत. गर्भ-हिमोग्लोबिन असलेल्या पेशी किती, हे ती मोजतात; प्रत्येक पेशीत ते नेमके किती, हे मोजणे अधिक कठीण असून तशा पद्धती बहुतेक संशोधनसंस्थांपुरत्याच आहेत. आदिवासी भागातून शंभर मैल प्रवास करून आलेल्या आईच्या हातात तिच्या मुलाच्या तपासणीचा जो कागद पडतो, त्यावर बहुधा एकच आकडा असतो आणि पुढे टक्क्याची खूण. किती पेशींत किती, याचा रकाना त्या कागदावर नसतो.